संघ, आश्रय व प्रशिक्षक : डेरिक परेरा यांची कारकीर्द

नाशिकजवळचे एकलहरे हे गाव महाराष्ट्रास परिचित झाले ते तेथील औष्णिक विद्युत् केंद्रामुळे. इ. स. १९७० च्या सुमारास उभारलेले या केंद्राचे पहिले दोन संच कालांतराने बंद झाले. २१० मेगावॅटचे तीन संच त्यांच्यामागून उभे राहिले. अशा ठिकाणी विजेबरोबर एक वसाहतही निर्माण होत असते. घरे, शाळा, दवाखाना, उत्सवमंडळ, क्रीडांगण या साऱ्यांचा जीव त्या एका उद्योगात गुंतलेला असतो. धुराडे चालू असेतोवर मैदानावरचे गवत कापले जाते, गोलाच्या जाळ्या शिवल्या जातात, सामन्याच्या पंचास मानधन मिळते. म्हणूनच अशा वसाहतींकडे पाहताना इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक प्रश्न स्वाभाविकपणे उभा राहतो. आश्रयदाता उद्योग निघून गेला म्हणजे त्याच्या छायेत वाढलेल्या संस्थेचे काय उरते?

पश्चिम भारतातील फुटबॉलच्या गेल्या चार-पाच दशकांच्या इतिहासास हा प्रश्न विशेष लागू पडतो. गोवा, मुंबई व पुणे या तिन्ही ठिकाणी या खेळाचे संवर्धन मुख्यतः खाणमालक, कारखानदार व बांधकाम-व्यावसायिक यांच्या आश्रयाने झाले. त्या आश्रयाचा इतिहास कंपन्यांच्या बाजूने लिहिता येईल, तसाच तो खेळाडूंच्या बाजूनेही लिहिता येईल. प्रस्तुत निबंधात तिसरा मार्ग स्वीकारला आहे. साळगावकर संघाचे बचावपटू व पुढे मुंबई, पुणे आणि गोवा येथील अनेक संघांचे प्रशिक्षक झालेले डेरिक परेरा यांच्या कारकिर्दीचा धागा धरून या आश्रयाचे स्वरूप येथे तपासले आहे. हा धागा निवडण्याचे कारण उघड आहे. आश्रयाचे तिन्ही प्रकार एकाच माणसाच्या आयुष्यातून गेलेले असे दुसरे उदाहरण सहसा आढळत नाही.

१

विषयात शिरण्यापूर्वी दोन शब्दांचा विचार करणे अगत्याचे आहे. पहिला शब्द ‘संघ’. मैदानावर उतरणारे अकरा खेळाडू हाही मराठीत संघ, आणि सभासद, मैदान, दप्तर, परंपरा व नाव असलेली कायमची संस्था हाही संघच. युरोपातील बहुतेक भाषांत या दोन अर्थांना दोन स्वतंत्र शब्द आहेत. कारण तेथे दोन वस्तूही स्वतंत्र आहेत. खेळाडू येतात आणि जातात, संस्था राहते. मराठीनेही दुसऱ्या अर्थासाठी ‘क्लब’ हा शब्द उचलला, पण वृत्तपत्रांच्या व बोलण्याच्या भाषेत ‘संघ’ हाच शब्द दोन्ही ठिकाणी चालतो. याला भाषेचे दारिद्र्य म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु भाषा पुष्कळदा वस्तुस्थितीशी अधिक प्रामाणिक असते. जेथे संस्था म्हणजे कंपनीने त्या वर्षी पगारावर ठेवलेले खेळाडू, त्यापलीकडे काही नाही, तेथे दोन शब्दांची गरजच कशी पडावी?

दुसरा शब्द ‘प्रशिक्षक’. इंग्लंडात ज्यास ‘मॅनेजर’ म्हणतात तो खेळाडूंची निवड करतो, त्यांच्या खरेदी-विक्रीत मत देतो, संस्थेच्या धोरणास वळण लावतो. आपल्याकडे ‘व्यवस्थापक’ म्हणजे तिकिटे काढणारा, मुक्कामाची सोय पाहणारा गृहस्थ. संघास शिकविणारा तो प्रशिक्षक. एकाच्या हाती शिकविणे आणि दुसऱ्याच्या, म्हणजे अखेर मालकाच्या, हाती संस्था अशी ही वाटणी आहे. परेरा यांच्या कारकिर्दीचे मर्म या वाटणीत सापडते.

२

परेरा यांची जडणघडण झाली ती गोव्यात, साळगावकर संघात. खाणधंद्यात नावारूपास आलेल्या साळगावकर घराण्याने १९५६ साली, म्हणजे पोर्तुगीज राजवट संपण्याच्या पाच वर्षे आधी, हा संघ स्थापन केला. वास्को हे त्याचे ठाणे. वरवर पाहता हाही एका उद्योगाचाच संघ. परंतु गोव्यातील परिस्थिती मुंबईहून एका बाबतीत निराळी होती. तेथे फुटबॉल कंपनीच्या आधी गावात होता. चर्चच्या समोरचे पटांगण, पावसाळा संपल्यावर मोकळी होणारी शेते आणि वाड्यावाड्यांच्या चुरशी यांतून खेळाडू तयार होत. खाणमालकांचे संघ त्यांना पुढची पायरी देत. उद्योगाने खेळ निर्माण केला नव्हता, चालत असलेल्या खेळास त्याने छत्र दिले होते.

१९८० नंतरचे दशक हा या व्यवस्थेचा बहराचा काळ होय. १९८३–८४ साली गोव्याने राष्ट्रीय स्पर्धेतील संतोष चषक स्वबळावर जिंकला. त्याच्या आदल्या वर्षी तो बंगालबरोबर विभागून मिळाला होता. १९८८ साली साळगावकर संघाने फेडरेशन चषक पटकावला. गोव्यातील संघास हा मान मिळण्याची ही पहिलीच वेळ. पुढच्याच वर्षी, १९८९ साली, त्यांनी तो राखला. ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यासारखा गोलरक्षक आणि डेरिक परेरा यांच्यासारखा बचावपटू एका संघाच्या पाठीशी उभे असण्याचा हा काळ. परेरा भारताच्या राष्ट्रीय संघातूनही खेळले.

बचावपटूच्या कामाविषयी येथे थोडे लिहिणे अप्रस्तुत होणार नाही. आघाडीचा खेळाडू गोलाकडे तोंड करून धावतो. त्याच्या पाठीमागे काय चालले आहे हे त्यास दिसत नाही. बचावपटूसमोर मात्र बहुतेक सारा खेळ मांडलेला असतो. आपले सहकारी कोठे विखुरले आहेत, प्रतिपक्ष कोठून घुसेल, कोणती जागा मोकळी पडली आहे हे त्याला सतत ताडावे लागते आणि ओरडून सांगावेही लागते. यावरून प्रत्येक बचावपटू चांगला प्रशिक्षक होतो असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. उलट उदाहरणे विपुल आहेत. तथापि प्रशिक्षकाच्या कामाची उमेदवारी मैदानावरच घडविणारी जी थोडी स्थाने आहेत त्यांत हे एक आहे, एवढे म्हणावयास हरकत नाही.

३

प्रशिक्षक म्हणून परेरा यांचे नाव देशभर झाले ते मुंबईत. मुंबईच्या फुटबॉलचा आश्रय गोव्याहून भिन्न प्रकारचा होता. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, रेल्वे, एअर इंडिया अशा संस्थांचे संघ तेथे अनेक वर्षे खेळत आले. खेळाडूस नोकरी मिळे, हजेरीपटावर त्याचे नाव लागे आणि दुपारनंतर तो कूपरेजच्या मैदानावर दिसे. १८९१ पासून चालत आलेली रोव्हर्स चषक स्पर्धा हा या व्यवस्थेचा वार्षिक उत्सवच होता. महिंद्र कंपनीचा संघ याच परंपरेतला. १९९६ साली राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि वेतनावर पूर्णवेळ खेळणाऱ्या खेळाडूंचे युग आले, तेव्हा या संघानेही आपले रूप पालटले व ‘महिंद्र युनायटेड’ हे नाव धारण केले.

२००५ साली परेरा या संघाचे प्रशिक्षक झाले आणि पहिल्याच हंगामात फेडरेशन चषक व राष्ट्रीय लीग या दोन्ही स्पर्धा महिंद्रने जिंकल्या. तोवर राष्ट्रीय लीगचे अजिंक्यपद पंजाब, बंगाल व गोवा या तीन प्रांतांबाहेर गेले नव्हते. २००५–०६ साली ते प्रथमच मुंबईत आले. घानाचा यूसिफ याकुबू व मुंबईचा स्टीव्हन डायस यांसारखे खेळाडू त्या संघात होते. २००७ साली आशियाई फुटबॉल महासंघाच्या चषक स्पर्धेत महिंद्रने उपांत्यपूर्व फेरी गाठली. एका कंपनीच्या संघाने यापेक्षा अधिक काय साधावे?

तथापि २००९–१० च्या हंगामानंतर कंपनीने संघ विसर्जित केला. शाळकरी व कुमार खेळाडूंकडे लक्ष देण्याचा मनोदय तिने जाहीर केला, आणि त्यात वावगे असे काही नव्हते. मुद्दा निराळा आहे. संघ हरत होता म्हणून तो बंद पडला असे नव्हे, त्याच्यावर कर्ज साचले होते असेही नव्हे. ज्या अधिकाराने कंपनी एखादा विभाग उघडते त्याच अधिकाराने तिने तो बंद केला. हा निर्णय फिरविण्याचा अधिकार असलेला सभासदवर्गच अस्तित्वात नव्हता. पुढच्याच वर्षी, २०११ साली, पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता असलेला फगवाड्याचा जे. सी. टी. संघही याच वाटेने गेला. यावरून हा अपघात नसून व्यवस्थेचाच स्वभाव होता हे स्पष्ट होते.

४

महिंद्र विसर्जित होण्यापूर्वीच, २००९ साली, परेरा पुण्यास आले होते. अशोक पिरामल समूहाने २००७ साली स्थापन केलेल्या पुणे एफ. सी. या संघाने त्या वर्षी आय-लीगमध्ये प्रवेश मिळविला होता. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात त्याचे सामने होत. पहिल्याच हंगामात संघ तिसरा आला. २०१२–१३ साली तो दुसरा आला. अजिंक्यपद चर्चिल ब्रदर्सने पटकावले. कुस्ती, कबड्डी व क्रिकेट यांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात फुटबॉलचा एक निष्ठावंत प्रेक्षकवर्ग या चार वर्षांत तयार झाला. संघाने कुमार खेळाडूंसाठी प्रबोधिनीही चालविली. या काळात कंपनीचा संघ हळूहळू शहराचा संघ होऊ लागला होता, असे म्हणता येईल.

२०१३ साली परेरा आपल्या मूळच्या साळगावकर संघाकडे प्रशिक्षक म्हणून परतले. यानंतरचा एक प्रसंग या साऱ्या इतिहासाचे सार सांगणारा आहे. २०१४ च्या ड्युरँड चषकाचा अंतिम सामना गोव्यात झाला आणि त्यात साळगावकरने पुणे एफ. सी.चा १–० असा पराभव केला. विजयी संघाचे प्रशिक्षक होते परेरा, ज्यांनी पराभूत संघास देशात नाव मिळवून दिले होते. पराभूत संघाचे प्रशिक्षक होते मोरोक्कोचे करीम बेंचरिफा, ज्यांनी २०१०–११ साली साळगावकरला आय-लीगचे अजिंक्यपद मिळवून दिले होते. दोन्ही शिक्षक एकमेकांच्या घरात उभे राहून आपल्याच जुन्या घराविरुद्ध लढत होते. व्यावसायिक खेळात असे घडतेच, त्याचे नवल नाही. नवल आहे ते पुढे घडले त्याचे. या सामन्यास दोन वर्षे होतात न होतात तोच दोन्ही संघ राष्ट्रीय स्पर्धेतून नाहीसे झाले.

पुणे एफ. सी. २०१६ साली संपला. त्याची प्रबोधिनी इंडियन सुपर लीगमधील पुणे सिटी या संघाकडे गेली, आणि २०१९ साली तो संघही विसर्जित होऊन त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. साळगावकरने २०१६ साली स्पोर्टिंग क्लब व धेंपो यांच्यासमवेत आय-लीगमधून अंग काढून घेतले. देशाच्या प्रमुख स्पर्धेचा मान इंडियन सुपर लीगकडे जाऊन जुन्या संघांना दुय्यम स्थान मिळणार, या योजनेस त्यांचा विरोध होता. येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. पुण्याचा संघ नाहीसा झाला म्हणजे समूळ नाहीसा झाला. साळगावकर मात्र राष्ट्रीय स्पर्धा सोडूनही गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये खेळत राहिला, त्याचे कुमार संघ चालू राहिले. छप्पर उडाले तरी खालची जमीन तेथे होती. पुण्यात छपराखाली जमीन तयार होण्यास अवधीच मिळाला नाही.

५

परेरा यांचा पुढील प्रवासही याच सूत्राने चालला. २०१५–१६ च्या हंगामात पुण्याच्याच डी. एस. के. शिवाजियन्स या संघास आय-लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला आणि त्याचे प्रशिक्षकपद परेरा यांच्याकडे आले. तो संघ २०१६–१७ नंतर लीगमध्ये दिसला नाही. २०१७ साली हंगामाच्या मध्यावर त्यांनी गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सची सूत्रे घेतली. त्यानंतर ते एफ. सी. गोवा या संघात गेले व तेथे तांत्रिक संचालक झाले. मार्च २०१९ मध्ये ताश्कंद येथे झालेल्या तेवीस वर्षांखालील आशियाई पात्रता स्पर्धेत त्यांनी भारताच्या संघास मार्गदर्शन केले.

इंडियन सुपर लीगमध्ये प्रारंभीच्या वर्षांत मुख्य प्रशिक्षकाची जागा परदेशीय व्यक्तीकडेच असे. भारतीय माणूस साहाय्यक. हा पायंडा कायमस्वरूपी नेमणुकीने मोडला तो २०२१ साली नॉर्थ-ईस्ट युनायटेड संघाने, खालिद जमील यांना नेमून. जमील हेही एकेकाळचे महिंद्रचेच खेळाडू. २०१६–१७ साली त्यांनी ऐझॉलसारख्या छोट्या संघास आय-लीग जिंकून दिली होती; पुढे २०२५ साली ते भारताच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्याच २०२१ सालच्या डिसेंबरमध्ये स्पेनचे हुआन फेरांदो एफ. सी. गोवा सोडून गेले आणि हंगामाच्या मध्यावर परेरा यांच्याकडे मुख्य प्रशिक्षकपद आले. तो हंगाम संघास चांगला गेला नाही. अकरा संघांत त्याचा क्रमांक नववा लागला. हंगामानंतर पुन्हा स्पॅनिश प्रशिक्षक नेमण्यात आला. कारकिर्दीचे मोजमाप करताना हे अपयशही नोंदविले पाहिजे. मात्र संघ अडचणीत सापडला की घरातल्या माणसाला हाक मारावयाची आणि स्थिरस्थावर करावयाचे असले की बाहेरच्याला, ही रीत त्याबरोबर नोंदविणेही तितकेच आवश्यक आहे.

६

हे सारे भारतातच घडते असे समजण्याचे कारण नाही. रुमानियाचे दान पेत्रेस्कू यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेही बचावपटू. बुखारेस्टच्या स्तेऊआ या सैन्याच्या संघातून ते पुढे आले, इटली व इंग्लंड येथे खेळले आणि १९९८ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्धचा निर्णायक गोल त्यांनीच केला. प्रशिक्षक झाल्यावर उर्झिचेनी या लहानशा गावाच्या उनिरेआ संघास त्यांनी २००८–०९ साली देशाचे अजिंक्यपद मिळवून दिले. पुढच्या हंगामात युरोपच्या सर्वोच्च स्पर्धेत त्या संघाने ग्लासगोच्या रेंजर्सना त्यांच्याच मैदानावर ४–१ असे हरविले. परंतु मालकाने हात आखडता घेतला, खेळाडू विकले गेले आणि २०११ साली संघ विसर्जित झाला. पेत्रेस्कू पुढे क्लूज शहराच्या, रुमानियन रेल्वेचे नाव धारण करणाऱ्या व १९०७ पासून चालत आलेल्या संघाकडे गेले व तेथे त्यांनी पुनःपुन्हा यश मिळविले. शिक्षक तोच, त्याची विद्याही तीच. एका ठिकाणी तिचे काहीच मागे उरले नाही, दुसऱ्या ठिकाणी ती साचत गेली.

याउलट प्रकारचे उदाहरण शोधण्यास महाराष्ट्राबाहेर जावयास नको. कोल्हापूरचा फुटबॉल तालमींच्या आधारावर उभा आहे. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावेच सांगतात की संघ पेठेचा आहे, कोणा एका धनिकाचा नाही. कुस्तीस राजाश्रय होता तो संस्थाने गेली तेव्हा संपला. पण तालीम पेठेत राहिली, आणि तिच्याच ओसरीवर फुटबॉल वाढला. शाहू स्टेडियमवर आजही या मंडळांच्या सामन्यांस गर्दी लोटते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच. अर्थात् या व्यवस्थेसही मर्यादा आहेत. पेठेची वर्गणी देशभरच्या लीगचा खर्च सोसू शकत नाही, आणि पेठांची ईर्ष्या पुष्कळदा मारामारीवर जाते. कोल्हापूरजवळ मुळे आहेत, साधने नाहीत. मुंबई-पुण्याजवळ साधने होती, मुळे नव्हती. गोव्याच्या जुन्या संघांत ही दोन्ही काही काळ एकत्र नांदली, आणि परेरा यांच्यासारखा खेळाडू त्या काळाने दिला, हा योगायोग नव्हे.

७

या विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, पश्चिम भारतातील व्यावसायिक फुटबॉलचे सातत्य संस्थांत नव्हते, व्यक्तींत होते. महिंद्रची शिस्त पुण्यास पोहोचली, पुण्याचा अनुभव साळगावकरकडे गेला, साळगावकरचे संस्कार एफ. सी. गोवाच्या तांत्रिक विभागात उतरले. हे सारे वाहून नेणारा दुवा म्हणजे एक प्रशिक्षक. ज्या समाजात ज्ञान संस्थेत साठविले जात नाही तेथे ते माणसाबरोबर हिंडते. आपल्या संगीताच्या घराण्यांस हा अनुभव जुनाच आहे. राजवाडे बदलले, गवयी चालत राहिले. परंतु गवयाचे शिष्य त्याच्याबरोबर चालतात. प्रशिक्षकाचे खेळाडू संघ मोडताच दहा दिशांना पांगतात.

दुसरी गोष्ट संशोधकांना अधिक जवळची आहे. कंपनीचा संघ मोडला की त्याचे दप्तरही कंपनीचेच राहते. खेळाडूंचे करार, सरावाच्या नोंदी, सामन्यांची टिपणे, प्रेक्षकांची पत्रे यांवर समाजाचा कोणताही हक्क पोहोचत नाही, आणि ती जपून ठेवण्याचे बंधनही कोणावर नसते. उद्या महाराष्ट्राच्या फुटबॉलचा इतिहास लिहावयाचा झाल्यास लिहिणाऱ्याच्या हाती निकालांचे कोष्टक तेवढे उरेल. म्हणून हयात असलेल्या खेळाडूंची, प्रशिक्षकांची, मैदानाची देखभाल करणाऱ्या माळ्यांची, पंचांची कथने नोंदवून घेण्याचे काम विद्यापीठीय विभागांनी हाती घेतले पाहिजे, आणि ते विनाविलंब घेतले पाहिजे.

हे काम मुंबई-पुण्यापुरते नाही. एकलहरे येथील विद्युत् केंद्राच्या वसाहतीपासून राज्यातील साखर कारखान्यांच्या मैदानांपर्यंत, जेथे जेथे उद्योगाच्या छायेत खेळ रुजला तेथे तेथे हाच प्रश्न आज ना उद्या उभा राहणार आहे. संच बंद करताना यंत्रांची मोजदाद होते. माणसांनी तेथे काय शिकविले व काय शिकले याची मोजदाद करण्याची पद्धत आपण अद्याप पाडलेली नाही. ‘संघ’ या आपल्या शब्दाचे दोन अर्थ ज्या दिवशी व्यवहारातही दोन होतील, खेळाडू पांगले तरी संस्था उरेल, त्या दिवशी परेरा यांच्यासारख्या शिक्षकाला प्रत्येक वेळी नव्या ठिकाणी मुळापासून आरंभ करावा लागणार नाही.